चावी काढली तरी चालू

माझ्या मोटरसायकलच्या हँडलजवळ एक गोल सॉकेट होतं, जुन्या गाड्यांमध्ये सिगारेट पेटवायला असायचं तसलं. त्यात अडॅप्टर खुपसायचा आणि अडॅप्टरला फोनची वायर लावायची. अडॅप्टरच्या टोकाला स्प्रिंगवर बसवलेली पिन असते. ती सॉकेटच्या तळाला टेकली तरच वीज मिळते, आणि इंजिनाच्या थरथरीने ती सारखी उडत राहायची. फोन थोडा चढायचा, जास्त उतरायचा, आणि नकाशा चालू असला की दुपारी जेवणाच्या सुमारास मान टाकायचा.

मला ते सॉकेट फार आवडायचं.

आमच्या घरात बाहेर गेलेल्या माणसाचा ठिपका फोनच्या नकाशावर दिसलाच पाहिजे असा दंडक आहे. ही सोय दादाने सगळ्यांच्या फोनवर करून दिली आणि ठिपका बघायचं काम बाबांकडे आलं, कारण आता त्यांच्याकडेच वेळ असतो. भिंग घेऊन ते खुर्चीत बसतात. फोन बंद केला तर घरात हलकल्लोळ होतो. पण फोन बंद पडला तर काही नाही. बंद केलेल्या फोनचा लोकांना राग येतो, बंद पडलेल्याचा येत नाही. "सॉकेटच मेलं तसलं," एवढं म्हणून आई गप्प बसायची. वर्षातून एकदा मी तीन-चार दिवस मोटरसायकल काढायचे आणि फोनने मान टाकली की मुक्कामाला पोचेपर्यंत कोणाचीच नसायचे.

यंदा अशी एक दुपार मला फार हवी होती.

आमचं वजनकाटे दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. खाली वर्कशॉप, वर घर, मध्ये लोखंडी जिना. वर्कशॉपच्या खिडक्या कायम बंद असतात, कारण झुळकीनेसुद्धा बारीक काटा हलतो. पंखा नाही. दारं दोन, एकामागे एक, आणि पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. दुरुस्त केलेल्या काट्याच्या प्रमाणपत्रावर विज्ञानाच्या पदवीधराचीच सही चालते. दादा विक्री बघतो, त्याने कॉलेज अर्ध्यात सोडलं. बाबांची सही चालायची, पण आता त्यांना चिमट्याने बारीक वजन उचलता येत नाही. उरले मी. बाबा मला मिली म्हणतात. जन्मले तेव्हा मी इतकी लहान होते, की हॉस्पिटलच्या काट्यावर विश्वास न बसून बाबांनी घरून स्वतःचा काटा नेला होता. हॉस्पिटलचाच चुकीचा निघाला, हे ते आजही पाहुण्यांना सांगतात.

आमची पितळी वजनं ठरावीक काळाने दुसऱ्या शहरातल्या मापन प्रयोगशाळेत तपासायला जातात. तिथे एक जागा निघाली होती. मी अर्ज केला आणि मुलाखतीला बोलावणं आलं. आदल्या वर्षी अशीच एक जागा निघाल्याचं मी जेवताना बोलून गेले होते. दादाने घास हातात धरून विचारलं होतं, "मग सही कोण करणार?" आईने मला न विचारता आणखी भात वाढला होता.

म्हणून या वेळी मी सांगितलं, किनाऱ्याने फिरून येते. वाट एका ठिकाणी प्रयोगशाळेकडे फुटत होती. फोनने वेळेवर मान टाकली, की काम झालं.

"यंदा ते सॉकेट बदलून टाकू," बाबा म्हणाले.

"कशाला? चालतंय की."

"चालतंय? तुझा ठिपका दुपारी एका ओढ्यात बुडतो तो संध्याकाळी वर येतो. माझा जीव टांगणीला लागतो, मिली."

दादा दोन पिशव्या भरून सामान घेऊन आला. आईने थंडीचं जाकीट मागवलं होतं, आतून विजेने तापणारं. सगळ्यांनी एवढ्या मायेने माझी वाट बंद केली, की नाही म्हणायला तोंड राहिलं नाही.

मोटरसायकल वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये उभी केली. बाबा स्टुलावर, मी खाली फतकल मारून.

"नुसता अडॅप्टर नवा घेऊ या," मी म्हटलं. "भोक तेच, फ्यूज तोच."

"दात दुखतोय आणि तू टोपी बदलतेस," बाबा म्हणाले. "ती पिन उडणारच. जाड स्प्रिंग घाल, नाहीतर चांदीची घाल. हे बघ, ही बारीक पिनवाली जात. खटकन बसते, ओढल्याशिवाय निघत नाही. ही जाकिटाला. आणि फोनला सरळ यूएसबी, वर रबरी टोपण. मधला अडॅप्टर हवाच कशाला?"

"एवढा भार झेपणार नाही."

"हिशेब कर."

हिशेब जमू नये अशी इच्छा धरून मी आयुष्यात पहिल्यांदा हिशेब केला. इंजिन चालू असताना चारशे वॉट तयार होतात. दिवे, पेट्रोलचा पंप आणि इतर सटरफटर मिळून अडीचशे खातात. जाकीट नव्वद, फोन वीस. चाळीस वॉट शिल्लक राहत होते.

"बसतंय?" बाबांनी विचारलं.

"बसतंय."

"मग रडतेस काय? जुन्या वायरीवर मात्र नको, तिचा फ्यूज पाचाचा आहे. जाकीट लावलंस की उडेल. वेगळी जाड वायर ओढू, दहाचा फ्यूज घालू."

मी शेवटचा मुद्दा काढला. तो खोटा नव्हता. "मग चावीवर चालणारं करू. मध्ये रिले घालू. चावी काढली की सगळं बंद, बॅटरी उतरायची भीती नाही. सगळे तसंच करतात."

"आणि तू चहाला थांबलीस, चावी काढलीस, तर फोन?"

"तेवढ्यात काय होतंय, बाबा?"

"तेवढ्यातच होतं. थेट बॅटरीवर घे. बॅटरी बारा व्होल्टच्या खाली गेली की आपोआप तोडणारी डबी आणलीय दादाने. चावी असो नसो, फोन चालू."

त्यांचं बरोबर होतं. हीच तर अडचण होती. कोणी मूर्खपणाचं बोललं असतं तर मी भांडले असते.

बाबांनी वायर सोलली आणि तिच्यावर पितळी टोक चढवून दाबायची पक्कड उचलली. पकडीचा जबडा टोकाभोवती हवेत फिरला, एकदा वर, एकदा खाली, पण टोकावर बसेना. मी मान वळवून फ्यूजची डबी उघडल्यासारखं केलं. आमच्याकडे त्या हाताबद्दल कोणी बोलत नाही. दादाही नाही, आईही नाही.

"तू कर," बाबा म्हणाले. "इथे उजेड कमी आहे."

शेडचं दार सताड उघडं होतं आणि ऊन माझ्या मांडीवर येत होतं.

मी पक्कड घेतली. इथे सगळं माझ्या हातात होतं. तारेचे दोन-तीन धागे बाहेर ठेवायचे, पक्कड अर्धीच दाबायची. जोड वरून छान दिसला असता आणि शंभरेक किलोमीटर हादरे खाऊन सुटला असता. मी धागे बाहेर काढलेसुद्धा. मग ते पुन्हा पिळून आत घातले आणि पक्कड शेवटच्या दातापर्यंत दाबली. असं का केलं, ते मला नीट सांगता येणार नाही. वाईट जोड माझ्या हाताला जमला नाही, एवढंच.

तसाही तो लपला नसता. इतर ठिकाणी जोड हाताने ओढून बघतात. आमच्याकडे वजन टांगतात. बाबांनी पाच किलोचं वजन आकड्याला लावून प्रत्येक जोडाखाली लोंबकळत ठेवलं आणि तोंडाने आकडे मोजले. एकही जोड तसूभर सरकला नाही. नव्या सॉकेटशेजारच्या छोट्या पडद्यावर लाल आकड्यांत व्होल्ट उमटले.

"आता ठिपका बुडणार नाही," बाबा म्हणाले, आणि पान्हे पुसायला घेतले.

मी निघाले. गार वारा होता, जाकीट उबदार होतं आणि फोन शंभर टक्क्यांवर. आईचा फोन आला, मी किनारा कसा दिसतोय ते सांगितलं. दादाचा आला. पुन्हा आईचा. हेल्मेटच्या आत घर भरून आलं होतं. बारीक पिनेने जाकीट मोटरसायकलला जोडलेलं, मी जाकिटात, फोन मोटरसायकलवर, आणि फोनच्या पलीकडे भिंग धरलेले बाबा. जुन्या सॉकेटच्या सवयीने मी दर थोड्या वेळाने टक्के बघत होते. ते हलत नव्हते.

फाट्यावर मी इंजिन चालू ठेवून थांबले. सरळ गेले तर किनारा. हाताने फोन बंद केला तर दादा गाडी काढून शोधायला निघणार आणि आई देवापुढे बसणार. संध्याकाळी मी म्हणणार, बंद पडला. दादा शांतपणे विचारणार, कसा? याला उत्तर नव्हतं. उत्तर उरू नये इतकं चांगलं काम आम्ही केलं होतं.

मी फोन चालूच ठेवून वळले. ठिपका दिसेल तर दिसेल, आणि त्यापुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

प्रयोगशाळेची लांब भिंत लागली. पुढच्या गेटसमोर थांबून चावी काढली. व्होल्टचा आकडा जळतच राहिला आणि फोन वाजला.

"मिली, कुठे आहेस?"

"चहाला थांबलेय, बाबा."

"त्या भिंतीपाशी चहा मिळत नाही." त्यांचा आवाज हळू झाला. "मी वीस वर्षं याच मोटरसायकलवरून वजनं न्यायचो तिथे. वजनं तर इथे कपाटात आहेत. तू काय घेऊन गेलीस?"

"मुलाखत आहे," मी म्हटलं.

मला आमचं वर्कशॉप दिसलं. बंद खिडक्या, दोन दारं.

"पुढच्या गेटवर ताटकळत ठेवतात," बाबा म्हणाले. "भिंत संपते तिथून वळ. मागचं गेट आहे, तिथे लगेच सोडतात. आणि फोन बंद कर. आत वाजायला नको."

"बाबा, घरी..."

"बंद कर म्हटलं ना."

त्यांनी फोन ठेवला, म्हणजे ठेवायचा प्रयत्न केला. लाल बटणावर त्यांचं बोट हल्ली पहिल्या फटक्यात बसत नाही. लाइन चालूच राहिली आणि आईचा आवाज आला, "काय म्हणाली? कुठे पोचली?"

"कळलं नाही. तुटला फोन. चार्ज होत नाहीये तिचा."

"होत नाही म्हणजे?" हा दादा. "थेट बॅटरीवर घेतलंय. जोड कसा सुटेल?"

"सुटू शकतो."

"मिलीने केलेला जोड? शक्यच नाही."

"तिने नाही केला. मी केला," बाबा म्हणाले. "हात थरथरला असेल माझा."

दादाने विचारलं, फार सावकाश. "वजन टांगून बघितलं होतं ना, बाबा?"

"विसरलो असेन."

मी फोन बंद केला. शंभर टक्के होते, ते विझले. यूएसबीची वायर काढून रबरी टोपण लावलं, जाकिटाची पिन ओढून सोडवली आणि मोटरसायकल ढकलत भिंतीच्या कडेने मागच्या गेटकडे निघाले. शेजारी लाल आकडा जळत होता, बारा पूर्णांक सात. कुठल्याही जोडात काहीही चूक नव्हती. आणि घरात आता सगळे बाबांच्या हाताकडे बघत असतील.