न कापलेलं कुरण

जुलै संपत आला तरी तोआदेर काकांच्या कुरणात मला एकही निळं फुलपाखरू दिसलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी याच दिवसांत एका सकाळी मी त्रेसष्ट मोजली होती. आता हंगामाचे फार तर दहा दिवस उरले होते.

गवत कापू नका, असं काकांना मीच सांगितलं होतं. क्लुज शहरातल्या विद्यापीठातून डॉक्टरेट करून मी गावी परतले तेव्हा माझं म्हणणं साधं होतं: ही फुलपाखरं गडद लाल बोंडांच्या फुलांवरच अंडी घालतात आणि विळा नेमकी तीच बोंडं उडवतो. जूनअखेरीचा संत पेत्रूचा सण झाला की कुरणात कापणीला उतरायचं, हा वडिलांपासूनचा नेम काकांनी माझ्या शब्दाखातर मोडला. लांब दांड्याचा विळा माळ्यावर गेला.

आता गवत छातीला लागत होतं आणि लाल बोंडं उदंड होती. मी गुडघ्यांवर बसून बिस्किटाचा चुरा ठेवत होते.

"मुंग्यांना बिस्किट, आणि काकाला काही नाही!" कुंपणावर रेलून काका म्हणाले.

"मुंग्या येतच नाहीत, काका."

"शिळं असेल."

मला हसू आलं नाही. या फुलपाखरांची अळी फुलावरून खाली पडते. लाल मुंगी तिला आपलंच पिल्लू समजून वारुळात नेते आणि हिवाळाभर पोसते. मी गवत बाजूला केलं. खाली कुजलेल्या गवताचा वीतभर थर, ओला आणि गार. या मुंग्यांना ऊन लागतं. चार वर्षं मी त्यांच्यावर सावली वाढवत होते.

"तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"मुंग्यांचं? छे! न कापलेलं कुरण आजारी दिसतं, एवढंच. पण म्हटलं, पोरगी शिकलेली आहे, असेल काहीतरी."

मी उठले आणि बांध ओलांडून शेजारच्या वेतुरिया मावशींच्या पट्ट्यात शिरले. "माझी गाय पुस्तकं खात नाही," असं म्हणून मावशींनी तेव्हा मला वाटेला लावलं होतं. रोज संध्याकाळी त्या गायीपुरतं गवत कापतात, रोज नव्या जागी. तिथे चुरा ठेवला आणि मिनिटभरात लाल मुंग्या जमल्या. पलीकडच्या बोंडावर एक निळी मादी पोटाचं टोक वाकवून अंडी घालत होती.

तेवढ्यात मावशी आल्या. हातात विळा, कमरेला पाणी भरलेलं गायीचं शिंग, त्यात विळ्याला धार लावायचा दगड. त्या थेट त्याच बोंडाकडे निघाल्या.

"मावशी..."

"बोल. पुन्हा तेच का? कापू नका?"

मी आजूबाजूला पाहिलं. कालची खुंटं, मागच्या आठवड्याची कोवळी फूट, त्यापुढे उभं गवत आणि त्यात लाल बोंडं.

"आज कुठवर कापणार?"

"गाय म्हणेल तिथवर."

विळा फिरला. तीन बोंडं अंड्यांसकट आडवी झाली. मादी उडाली, घोटाळली आणि पुढच्या उभ्या बोंडावर बसली.

मी धावतच काकांकडे परतले.

"विळा काढाल का? सगळं नको. या बांधापासून, रोज थोडं थोडं."

"गुडघ्यांना विचारतो." काका माळ्याच्या शिडीकडे वळले आणि थांबले. "आणि डॉक्टरीणबाई, मुंग्या परत येतील ना?"

"ठाऊक नाही, काका," मी म्हणाले.

चार वर्षांपूर्वीही मला तेवढंच ठाऊक होतं.