किल्ली मनकर्णाबाईकडे

मी एक जुनं पितळी कुलूप आहे, मित्रांनो. सध्या केसरबाईच्या घरात खिळ्याला उघडाच लटकलेला असतो. कुलपानं उघडं राहावं ही तशी लाजेची गोष्ट, पण मला लाज वाटत नाही. का, तेच सांगतो.

सोसायटीनं मला पाटोद्याच्या बाजारातून खताच्या गोदामासाठी आणलं. त्या दिवशी चौघांनी मला ओढून पाहिलं, एक जण तर लोंबकळला. मी हललो नाही. कुलूप असावं तर असं, म्हणाले. पुढची वीस वर्षं मी त्या एका वाक्यावर काढली. तेल मात्र कुणी घातलं नाही.

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस हुकला. सोसायटीनं गावाबाहेर चारा छावणी उघडली आणि मला चाऱ्याच्या शेडला लावलं. आत कडबा, उसाचे वाढे, पेंडीची पोती. किल्ली दिली केसरबाईला. ती विधवा, गावातल्या चार ख्रिस्ती घरांपैकी एका घरातली. ती खोटं बोलत नाही, अशी तिची ख्याती. चेअरमन अर्जुनराव सगळ्यांदेखत म्हणाले की किल्ली हिच्याकडे म्हणजे देवाकडेच. केसरबाईला ते फार आवडलं. मला वाटतं, गडबड तिथंच झाली.

छावणीत गाई, बैल, म्हशी. शेळ्यांना नियमात जागा नव्हती. आणि केसरबाईची ढवळी शेळी गाभण होती. पोट फुगलेलं, बरगड्या वर आलेल्या. बाभळीचा पालाही संपला होता. असंच चाललं तर ढवळी पिलांसकट जाणार, हे मलासुद्धा कळत होतं.

एका दुपारी छावणी पेंगत असताना माझ्यात किल्ली फिरली. केसरबाईनं ओंजळभर पेंड पदरात घेतली. आजच्यापुरतंच, असं पुटपुटत होती. मित्रांनो, चोर आला असता तर मी जीव दिला असता. पण जिच्या हातात किल्ली, तिच्यापुढे कुलपाचं काय चालणार? दुसऱ्या दिवशी दोन ओंजळी. तिसऱ्या दिवशी तिनं 'आजच्यापुरतंच' म्हणणंही सोडलं. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

चौथा दिवस रविवार. प्रार्थनेहून ती सरळ माझ्यापाशी आली. किल्ली लावली, काढली, परत लावली, परत काढली आणि दारातच बसली.

"प्रभू," ती हळूच म्हणाली, "मला मोहात पडू देऊ नको म्हणून रोज तुला सांगते, अन् मीच किल्ली कमरेला बांधून मोहाच्या दारात बसते."

मग ती उठली आणि शेजारच्या दावणीला गेली. तिथं मनकर्णाबाईच्या दोन म्हशी बांधलेल्या असत. मनकर्णाबाईच्या जिभेला अख्खी छावणी भ्यायची. केसरबाईनं तिला सगळं सांगितलं आणि किल्ली पुढं केली.

"कावून गं?" मनकर्णाबाई हसत सुटली. "तुझा देव इतका कच्चा हाय का?"

"देव पक्का हाय, बाई. मी कच्ची हाय."

मनकर्णाबाई हसायची थांबली. तिनं किल्ली कमरेला खोचली आणि बजावलं, की आता रडलीस तरी मिळायची न्हाई.

आणि केसरबाईनं मागितली हो, तिसऱ्याच दिवशी. शेड आतून झाडायची आहे म्हणाली. मनकर्णाबाई म्हणाली, "चल, मी बी येते झाडायला." दोघींनी शेड अशी लख्ख झाडली की तशी मी कधी पाहिली नव्हती.

त्या शनिवारी शेडसमोर सोसायटीची सभा भरली, तेव्हा केसरबाईनं उभं राहून आपली चोरी सांगितली. देवाकडची किल्ली, म्हणून कुणीतरी मागून टोमणा मारला. तिनं तो ऐकून घेतला. मग विचारलं, की गव्हाणीतलं उष्टं आपण खड्ड्यात टाकतो, ते शेळ्यांना घातलं तर चालेल का? अर्जुनरावांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, उष्ट्याला कसला नियम? दुसऱ्या दिवसापासून गावभरच्या शेळ्या आल्या.

ढवळी वाचली. तिला दोन पिलं झाली. एक जगलं, एक गेलं. केसरबाईनं ते बाभळीखाली पुरलं, तेव्हा खड्डा खणायला मनकर्णाबाई आली.

"पेंड चालू ठेवली असतीस तर हे बी जगलं असतं," ती म्हणाली.

"असंल."

"देवावर रागावलीस का?"

"लई रागावले," केसरबाई म्हणाली. "पण किल्ली मागितली न्हाई."

पुढं पाऊस पडला, छावणी उठली. सोसायटीच्या गोदामाला शटर आलं आणि मी भंगारात पडलो. केसरबाईनं मला मागून घेतलं. आता दर रविवारी पुसते, थेंबभर तेल घालते. तुम्हीही तुमच्या घरातल्या जुन्या कुलपांना घालत जा, बिचारी बोलत नाहीत.

आणि मित्रांनो, जिथं आपण कच्चे आहोत तिथली किल्ली आपली स्तुती करणाऱ्याकडे ठेवू नका. माझी अजून मनकर्णाबाईकडेच आहे. केसरबाई अधूनमधून विचारते, आहे ना गं जागेवर? ती म्हणते, हाय. पण दाखवत नाही.