पहिलं नाव अमरचं

आमच्या कॉलेजात कुठलीही यादी असो, स्नेहसंमेलनाची, सहलीची नाहीतर रक्तदानाची, पहिलं नाव संस्थेच्या अध्यक्षांच्या घरचं. मान म्हणून. रक्त द्यायला त्या घरचं कुणी आलेलं मी तरी पाहिलं नाही. या प्रकाराची मला पहिल्या वर्षापासून किळस. पण प्लेसमेंटची यादी टाइप करायला गावंडे सरांनी मलाच बसवलं, आणि अध्यक्षांचा पुतण्या अमर याचं नाव मी मुकाट्याने सगळ्यात वर टाकलं. मार्क एकेचाळीस. त्याच्याखाली आम्ही बाकीचे, उतरत्या मार्कांनी. माझे अठ्ठ्याऐंशी होते.

पुण्याची कंपनी आमची आणि शेजारच्या कॉलेजची यादी एकत्र करून वरच्या वीस जणांना मुलाखतीला बोलावणार होती. यंदा दुसरी कंपनी येणार नव्हती. मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न माझ्या वर्गातला रोशन मला कॅन्टीनमध्ये शिकवत होता: क्रमाने लावलेल्या दोन याद्यांची एकच यादी करा. रोशन बोरी अरब गावचा, रोज एसटीने येणारा. माझं डोकं या प्रश्नाशी येऊन बंद पडायचं आणि तो न चिडता पुन्हा सांगायचा.

"पीटीच्या दोन रांगा समज. दोन्हीत उंच पोट्टे पुढं. तू फक्त पुढचे दोघं पाह्य. जो उंच, त्याले काढ. मंग पुन्हा पुढचे दोघं. मागं पाह्याचं कामच नाई."

"आन् पुढंच बुटका उभा असला तं?"

"तं त्याच्या मागचे सारे अडकले. म्हून तं प्रश्नात पह्यलेच सांगते ना, याद्या क्रमानं लावल्या आहेत म्हून."

चहा तसाच टाकून मी ऑफिसकडे पळाले.

उशीर झाला होता, यादी कंपनीकडे गेली होती. सरांच्या हातात फोन होता आणि तोंड उतरलेलं. आमच्या यादीच्या तोंडाशी एकेचाळीस बघून कंपनीच्या प्रोग्रामने शेजारच्या कॉलेजचेच वीस जण उचलले होते. आमचं एकही नाव नव्हतं. पाच वाजेपर्यंत दुरुस्त यादी पाठवा, असं कंपनीने सांगितलं होतं.

"अमरचं नाव त्याच्या जागी खाली नेते, सर."

"नाव हलवाचं नाई." सरांनी दार लोटलं. तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात गेला. "हे यादी अध्यक्षसाहेबाकडं जाते. मले नोकरी करू दे, बाई. तू मार्क हलव."

"म्हणजे?"

"एकेचाळीसचे शहाण्णव कर. यादी क्रमात येते, तुमचं साऱ्यायचं भलं होते. कायले एवढा इचार करून राह्यली?"

बोलताना खर्ऱ्याचा एक लाल कण कीबोर्डवर उडाला. मला शिसारी आली. उठून जावं, सगळ्यांना ओरडून सांगावं असं वाटलं. मग पडद्यावर माझ्या नावापुढचे अठ्ठ्याऐंशी दिसले आणि मी बसून राहिले. तो लाल कण ओढणीने पुसून शहाण्णव मीच टाइप केले.

दुसऱ्या दिवशी बोर्डावर नावं लागली. पहिला अमर, सातवी मी. विसांच्या खाली कंपनीने आणखी एक नाव नुसतं कळवलं होतं, एकविसावं, कुणी गळालं तर घेऊ म्हणून. ते रोशनचं होतं. अमर आपल्या जागी असता तर रोशन विसावा आला असता. गर्दीत हे फक्त मला माहीत होतं.

"एका नंबरानं गेलं माह्यं," रोशन म्हणाला. दप्तराचा पट्टा त्याने दोनदा उगाच सारखा केला. "जाऊ दे. तू तं आहेस ना. थो प्रश्न इचारतीनच, पाठ नको करजो, समजून घेजो."

ऑफिसचं दार दहा पावलांवर होतं. मी तिकडे गेले नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

पुण्यात तोच प्रश्न आला. समोरचे गृहस्थ सभ्य होते. म्हणाले, "दोन्ही याद्या बरोबर क्रमाने लावलेल्या आहेत, असं धरून चला."

"हो सर," मी म्हणाले, आणि रोशनने शिकवलेलं उत्तर एकही चूक न करता लिहिलं. मग बाथरूममध्ये जाऊन तीनदा साबणाने हात धुतले.