विमानात लागलेली बटणं

दोन विमानतळांमधलं अंतर साडेबारा हजार किलोमीटर आहे आणि विमान मध्ये कुठेही न थांबता चौदा तास उडतं, असं लग्नाला बोलावताना भाचीने फोनवर सांगितलं, तेव्हा ऐकूनच काकांचे पाय आखडले. मावशीचा चेहरा मात्र उजळला. तिच्या शिवणाच्या दुकानात गिऱ्हाइकांचं काम आधी आणि घरचं मागून, या नादात भाचीचा लग्नाचा झगा अर्धवटच पडला होता. चौदा तास म्हणजे दाराशी गिऱ्हाईक नाही की फोन नाही. तेवढ्यात झग्याच्या घेराची तुरपाई आणि पाठीवरची बटणं आरामात उरकतील, असं तिने मनाशी धरलं.

तिच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे नवरीच्या आईने, आधीच टोमणा मारून ठेवला होता, की तू लग्न लागतानाही सुई घेऊन नवरीच्या मागे धावशील. तो मावशीच्या जिव्हारी लागला होता. विमानतळाबाहेर पाऊल टाकताच तयार झगा हातात ठेवायचा, असा तिने चंगच बांधला.

विमान वर गेलं आणि काका घोरू लागले. मावशीने मांडीवर झगा पसरला. घेर एवढा मोठा, की शेजारच्या दातांच्या डॉक्टरांचे गुडघेही त्याखाली गेले. ते बिचारे चहाचा कप थेट हनुवटीपाशी धरून अवघडून बसले.

तुरपाई होत आली, तोच वैमानिकाने खुशखबर दिली. वारा पाठीशी होता, विमान तासभर आधी पोचणार होतं. लोक खूश झाले आणि मावशीच्या तोंडचं पाणी पळालं.

"सगळी बटणं राहिलीत हो," ती डॉक्टरांना म्हणाली, "आणि या विमानवाल्यांना कसली घाई सुटलीय?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "ताई, मी हिरड्यांना टाके घालतो. एक सुई इकडे द्या, खालची बटणं मी लावतो."

त्यांचं पहिलं बटण मावशीने उसवलं. दुसरंही उसवलं. बटणाखाली दोरा जरा सैल सोडावा लागतो, नाहीतर बटण काजात नीट बसत नाही, हे तिने त्यांना करून दाखवलं. तिसरं तिने ओढून पाहिलं आणि पुढचं बटण त्यांच्यापुढे सरकवलं. डॉक्टर खुलले. मावशीने काकांना हलवून उठवलं आणि दोरा ओवायच्या कामाला जुंपलं.

चाकं जमिनीला टेकली तेव्हा दोन बटणं बाकी होती. ती सामानाच्या पट्ट्यापाशी उभ्या उभ्या लागली. डॉक्टरांनी झगा दोन्ही हातांवर तोलून धरला होता आणि सगळ्यांच्या बॅगा समोरून चकरा मारत होत्या.

बाहेर भाचीने झगा अंगाला लावून पाहिला आणि मावशीच्या गळ्यात पडली. बहिणीने तो उलटापालटा केला, बटणांवरून बोट फिरवलं.

"खालची जरा वेगळी वाटतात," ती म्हणाली, "पण पक्की आहेत."

मावशीने मागे उभ्या असलेल्या डॉक्टरांकडे बोट दाखवलं. भाचीने त्यांना तिथल्या तिथे संध्याकाळच्या लग्नाचं आमंत्रण दिलं.

डॉक्टर आले, तेही नवा कोट घालून. लग्न लागत असताना ते शेजारच्या पाहुण्यांना हळूच सांगत होते, की खालची बटणं आपली.