टोपण निघालं नाही

"आणि कारण?"

"कसलं कारण?"

"शेवटची ओळ राहिलीय, भाऊ. काय काढायचं ते लिहिलंत. का काढायचं तेही लिहा," काकू म्हणाल्या.

माणसाने पेनाचं टोपण पुन्हा काढलं. कार्डावरच्या पहिल्या दोन ओळी छापलेल्या होत्या. तिसरी काकूंनी पट्टी धरून स्वतः आखलेली, जरा वाकडी.

वस्तू: लांब बंदूक, खेळातली.
काय काढायचं: नळीवरचं नारिंगी टोपण. पक्कं चिकटलंय.
कारण: पुतण्याला हवंय.

"पुतण्याला टोपण हवंय, की बिनटोपणाची बंदूक हवीय?"

त्याने ओळ खोडली.

कारण: नाटक आहे.

"कधी आहे?"

"सोमवारी. सकाळी आठला लागेल मला."

"सकाळी आठला पडदा उघडणारं नाटक मी तरी ऐकलं नाही बाई," काउंटरवरून वन्सं म्हणाल्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. वन्संना कधीच कुणी विचारत नाही, पण त्यामुळे त्यांचं काही अडलेलं नाही.

माणसाने हेही खोडलं. आता जागा उरली नव्हती, म्हणून त्याने कडेला उभ्या अक्षरांत लिहिलं.

कारण: शोभेची. भिंतीवर लावायची.

तीन कारणं, एकाच ओळीत. काकूंनी कार्ड घेतलं, बंदूक घेतली आणि म्हणाल्या, "उद्या दुपारी या."

*

हे दुकान ज्या मैदानावर आहे, ते म्हणजे बंद पडलेल्या टायर कारखान्याचं आवार. डोळ्यांवर गॉगल, अंगावर जाकीट चढवून माणसं तिथे दोन-दोन तास भिंतीआड लपतात आणि एकमेकांवर प्लास्टिकचे छर्रे झाडतात. एअरसॉफ्ट म्हणतात त्या खेळाला. काकूंच्या सासरच्यांना तो आजवर समजलेला नाही. बंदुका बॅटरीवरच्या, पण दिसायला इतक्या अस्सल की पाहणाऱ्याने हात वर करावेत. म्हणून प्रत्येकीच्या तोंडावर नारिंगी टोपण. लांबून दिसलं की समजायचं, खेळणं आहे.

काउंटर वन्संचं. मागची खोली काकूंची.

काकूंनी आधी वीस वर्षं कवळ्या बनवणाऱ्याकडे काम केलं. तिथे हात तयार झाला. इथे लोक जे स्क्रूने बसवायचं ते गोंदाने बसवतात आणि मग रडत येतात: दुर्बीण चिकटली, मूठ चिकटली, नळीत नळी चिकटली. काकू रबराची पट्टी गुंडाळतात, ऊब देतात, मुठीत धरतात आणि बसून राहतात. पक्कड त्यांच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असते, ती वन्संना अक्रोड फोडायला लागते म्हणून. ओरखडा न पाडता सोडवणं ही काकूंची ख्याती. दोन गावं ओलांडून लोक येतात.

तसाच चार वर्षांपूर्वी एक आला होता. गोड बोलणारा. "संग्रहासाठी हवीय, काकू." काकूंनी पाव तासात टोपण काढून दिलं, वर चहा पाजला. आठ दिवसांनी फौजदाराने तीच बंदूक त्यांच्या टेबलावर ठेवली. औषधांच्या दुकानात गल्ल्यावरच्या मुलीच्या कपाळाला लावली होती म्हणे. मुलीला खरचटलंसुद्धा नव्हतं. पण तेव्हापासून ती गल्ल्यावर बसू शकत नव्हती, दाराची घंटा वाजली की टेबलाखाली शिरायची.

"तुमच्या हातचंच काम ना?" फौजदार एवढंच म्हणाला. "इतकं साफ दुसरं कोण करणार?"

असलं कौतुक वैऱ्याच्या वाट्याला येऊ नये. त्या संध्याकाळी काकूंनी तिसरी ओळ आखली.

*

बंदूक काय सांगते.

पट्टा: झिजलेला. खांद्यावर येतो तिथे काचेसारखा गुळगुळीत. घामाचे पांढरे कंगोरे, एकावर एक.

घोडा: कोरा. छर्रे भरायची खाच: कोरी. बॅटरीच्या खणात कोळ्याचं घर.

म्हणजे रोज तासन् तास वागवलेली. एकदाही न उडवलेली.

टोपण: काळं. नखाने खरवडलं तर नारिंगी. काकूंनी नख नाकाशी नेलं. बुटाचं पॉलिश.

"झालं तर!" वन्सं अक्रोड फोडत म्हणाल्या. "खेळत नाही, उडवत नाही, भिंतीवरही नव्हती. रोज खांद्याला लावून फिरतो आणि तोंड काळं करतो. वहिनी, हे धाक दाखवायचं हत्यार आहे. हा टोपणराव काही साधा नाही."

"तोंड तर गरिबासारखं होतं."

"मागच्याचं काय राक्षसासारखं होतं?"

काकूंनी नखावरचं पॉलिश फडक्याला पुसलं.

*

रविवार, बारा. टोपण निघालं.

खरं तर काढायचं नव्हतं. फक्त पाहायचं होतं की किती पक्कं आहे. पण हाताला सवय झाली की तो मालकाला विचारत नाही. ऊब, मूठ, वाट पाहणं, आणि एका क्षणी गोंद सुस्कारा टाकावा तसा सुटला. आत तीन थर. एक कारखान्याचा, एक कुणीतरी घाईत ओतलेला, एक त्यावरून जपून लावलेला. पुढून पाहिलं तर बंदूक आता खरी होती. काकूंनी तिचं तोंड भिंतीकडे केलं.

तेवढ्यात तो आला. दुपारी या म्हटलं होतं, बाराच्या ठोक्यालाच आला. दारातच उभा. काकूंनी बंदुकीवर फडकं टाकलं.

"ताई, काल मी खोटं बोललो."

"तीनदा," वन्सं म्हणाल्या.

"तीनदा," त्याने कबूल केलं. "मी वॉचमन आहे. नदीच्या रस्त्याला कोल्ड स्टोरेजचं गोदाम आहे ना, त्याच्या गेटवर. अकरा वर्षं झाली. आमची एजन्सी हत्यारी पहारेकरी म्हणून माणसं देते. खरी बंदूक कुठून देणार? ही दिली. एजन्सीच्या मालकानेच टोपण चिकटवलं. म्हणाला, कायद्याला नारिंगी असू दे, गिऱ्हाइकाला काळं दिसू दे. रोज सकाळी बुटांबरोबर याला पॉलिश करायचं."

"आणि लोकांना समजत नाही?"

"उन्हात वितळतं. मग ड्रायव्हर हसतात. म्हणतात, पिचकारी आणलीस का रे?" त्याने हसायचा प्रयत्न केला. "उद्या गोदामाचा नवा साहेब तपासणीला येतोय. हात लावून बघतो म्हणे. टोपणाची जाडी हाताला लागते, ताई. पकडलं तर एजन्सी म्हणणार, खरी बंदूक यानेच बदलली. सत्तावन्नाव्या वर्षी मला कोण ठेवणार?"

"ओळखपत्र दाखवा."

"ते... एजन्सीत जमा आहे. उद्या नवीन मिळणार आहे."

वन्संनी खोकल्याचा आवाज काढला. त्यांना खोकला नव्हता.

"भाऊ," काकू म्हणाल्या, "टोपण नसलं आणि खराखुरा चोर आला, तर तो आधी गोळी कुणाला घालेल?"

"अकरा वर्षांत कुणी आलं नाही."

"आला तर?"

"आला तर चोर येईल. उद्या साहेब तर नक्कीच येणार आहे."

काकूंनी बंदुकीवरचं फडकं नीट केलं. मग म्हणाल्या, "तासाभराने या."

*

"पटलं तुम्हाला?" वन्संनी विचारलं.

"पटण्यासारखं होतं."

"पटण्यासारखंच सांगतात ते! चौथ्यांदा सुचलेलं खरं कसं असेल? ओळखपत्र नेमकं आजच जमा?"

काकूंच्या डोळ्यांपुढे ती मुलगी आली, टेबलाखाली शिरणारी. तिला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, तरी यायची.

त्यांनी टोपण स्पिरिटने पुसलं. पॉलिशचे किती थर होते कोण जाणे, तीन बोळे काळे झाले. खालचा नारिंगी रंग अगदी नवा निघाला, संत्र्याच्या सालीसारखा. मग त्यांनी खोलीतला सर्वांत कडक गोंद घेतला. आयुष्यभर सोडवायचं काम केलेल्या बाईला घट्ट बसवता किती छान येतं, हे त्यांना त्या दिवशी समजलं. एवढ्यावर थांबायला हवं होतं.

थांबल्या नाहीत. कपाटातून रोगणाचा डबा काढला. निशाण्याच्या पाट्यांना लावतात ते, चकचकीत, छर्ऱ्यांचे डाग बसू नयेत म्हणून. त्यावर काही टिकत नाही. रंग घसरतो, पॉलिश तर थेंब-थेंब होऊन ओघळतं. टोपणाला दोन हात दिले.

चोर असला तर आता कुणाला फसवू शकणार नाही.

नसला तर. त्या वाक्याचा पुढचा भाग काकूंनी मनात आणला नाही. बंदूक वर्तमानपत्रात गुंडाळली, सुतळीने बांधली.

एक वाजता तो आला.

"निघालं नाही," काकू म्हणाल्या. इतक्या वर्षांत हे शब्द त्यांनी पहिल्यांदा उच्चारले.

तो गुंडाळीकडे बघत राहिला. "तुमच्याकडून निघालं नाही म्हणजे कुणाकडूनच निघणार नाही." मग गुंडाळी उचलून पिशवीत घातली. "असू दे, ताई. पॉलिश आहेच. नशीब असेल तर साहेब लांबूनच बघेल."

त्याला तेव्हाच सांगता आलं असतं. वन्सं काउंटरवर गॉगल पुसत होत्या, खूप मन लावून.

*

सोमवार.

काकूंनी घरी सांगितलं, दात दुखतोय. नदीच्या रस्त्याची बस पकडली. तो तिथे नसणार हे बघायला त्या निघाल्या होत्या. गोदाम असेल, गेट असेल, गेटवर दुसराच कुणी असेल. मग परत यायचं, वन्संना सांगायचं, तुमचं बरोबर होतं. आयुष्यात एकदा हे वाक्य म्हणायला त्या आनंदाने तयार होत्या.

समोरच्या थांब्यावरून गेट सरळ दिसत होतं.

तो होता.

इस्त्रीचा गणवेश, टोपी सरळ, बूट आरशासारखे. उजवा हात मनगटापर्यंत काळा. बोटं, नखं, तळवा, सगळं काळं. किती वाजल्यापासून चोळत होता कोण जाणे. आणि खांद्याच्या वर, नळीच्या टोकाला, रस्त्यापलीकडूनही डोळ्यांत भरावं असं ते नारिंगी चमकत होतं.

पर्समधला फोन वाजला. वन्सं.

"काय वहिनी? दाताचं निमित्त कळलं मला. नव्हताच ना टोपणराव?"

"होता," काकू म्हणाल्या.

काकूंनी फोन ठेवून दिला.

आठ वाजून गेल्यावर पांढरी गाडी आली. साहेबाला उतरावंही लागलं नाही. काच खाली झाली, आतून एक हात टोपणाकडे निर्देश करून काहीतरी विचारू लागला. वॉचमनने सलाम केला आणि उत्तर दिलं. काय म्हणाला ते रस्त्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. पण मान खाली नव्हती, आणि उत्तर एकच होतं. कार्डावर खोडताना अडखळला होता तसा तो इथे अडखळला नाही. गाडीतल्या त्याच हाताने मोबाइलवर फोटो काढला. गेटच्या आतून एक जाडा माणूस धावत आला, एजन्सीचा असावा. त्याने बंदूक हिसकावून घेतली, टोपण वॉचमनच्या गणवेशाला पुसून पाहिलं, आणि साहेबाला ऐकू जाईल अशा बेताने वॉचमनवर ओरडू लागला.

काकू उठल्या. रस्ता ओलांडायला एक पाय खाली टाकला. काय सांगणार होत्या? मी केलं? कशासाठी केलं? एक ट्रक गेला, मग दुसरा. तिसरा यायच्या आत जाता आलं असतं.

वॉचमनने छातीवरचा बिल्ला काढून जाड्या माणसाच्या हातात दिला. चौकीत जाऊन डबा, छत्री आणि पाण्याची बाटली घेतली. गेटचा आडवा दांडा वर करून गाडी आत सोडली. जाडा माणूस गाडीच्या मागे पळाला. मग वॉचमनही निघाला, भिंतीच्या कडेने, बसथांब्याच्या उलट्या दिशेला. कोपऱ्यापर्यंत गेला.

तिथून परत आला.

गेटचा दांडा वरच राहिला होता. आत कुणाचं लक्ष नव्हतं, बाहेर कुणी नव्हतं. त्याने डबा आणि बाटली जमिनीवर ठेवली, छत्री काखेत धरली, दोन्ही हातांनी दांडा हळूहळू खाली घेतला आणि आकडा लावला. दांडा थरथरत होता. तो स्थिर होईपर्यंत त्यावर काळा हात ठेवून उभा राहिला. मग सामान उचललं आणि गेला.