अर्ज बदलायचा नाही

हायस्कूलच्या प्रवेशपरीक्षेसाठी कोणत्या शाळेकडे किती अर्ज आले, याचे आकडे सकाळच्या वर्तमानपत्रात छापून आले आणि तोकिएबाईंच्या घरी न्याहारी तशीच निवत राहिली. हिगाशी शाळेच्या विज्ञान शाखेत एकेका जागेला दोन-दोन उमेदवार होते. त्यांच्या नातीने, मिओरीने, नेमका तिथेच अर्ज केला होता. सरकारी शाळा एकच निवडता येते. निवड बदलण्याची मुभाही एकदाच, आणि तिची मुदत संपत आली होती.

"मिनामी शाळेला टाका अर्ज," त्याच दुपारी तिघांना शाळेत बोलावून मिओरीचे वर्गशिक्षक ओगावारा म्हणाले. "तिथं गर्दी नाही. हिगाशी हुकलं तर उरते ती डोंगरापलीकडची खाजगी शाळा. तिथं विज्ञान शाखाच नाही."

"सरांचं बरोबर आहे, आई," मिओरीचे वडील केन्सुके पुटपुटले.

"तुला सगळ्यांचंच बरोबर वाटतं!" तोकिएबाई कडाडल्या. "सर, पेपर काय तुमच्या एकट्याच्याच घरी येतो? सगळी घाबरट पोरं आता मिनामीकडेच पळणार. मिओरी, तुला कुठं जायचंय?"

"हिगाशीला. पण आजी, नाही जमलं तर?"

"तर दोघी मिळून त्या खाजगी शाळेचा गणवेश शिवून आणू. पण भिऊन अर्ज बदललास, तर माझ्याशी बोलू नकोस."

"आई, ही धमकी झाली!"

"मग? धमकीच आहे."

मिओरी हसली. अर्ज होता तिथेच राहिला.

बाहेर बाईंचा रुबाब तसूभरही ढळला नाही. परीक्षेच्या पहाटे मात्र त्यांनी सुपात सोयाबीनचा खारा मिसो दोनदा घातला. ते खारट सूप सगळ्यांनी निमूट प्यायले.

निकालाच्या दिवशी हिगाशीच्या आवारात निकालाच्या फलकावरचे कापड हटले. बाईंना आकडे दिसेनात, आणि विचारणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

"आजी, आहे! माझा नंबर आहे!"

केन्सुके हुंदके देऊ लागले.

"रडायचं ते घरी," बाई म्हणाल्या. "आधी सरांना सांगायला चला."

निकाल सांगायला येणाऱ्या मुलांची वाट पाहत ओगावारा मिओरीच्या जुन्या शाळेच्या दारातच उभे होते. बातमी ऐकताच ते बाईंपुढे कमरेत वाकले. "मिनामीला अशी झुंबड उडाली, की तिथंच जास्त मुलं गळली. माझं चुकलं, बाई."

"माझ्यापुढे कशाला? पेपर हिनं लिहिलेत."

ओगावारा मिओरीपुढे वाकले. ती गोंधळून त्यांच्याहून खाली वाकली; ते आणखी खाली.

"पुरे आता," तोकिएबाई म्हणाल्या, "पोरीच्या पोटात सकाळपासून काही नाही."