मी गवती चहा नाही

मी लिंबासारख्या वासाचा, कुंडीतला एक लेमन मर्टल आहे. म्हणजे होतो, असं म्हणा. आता उरलाय तो बोटाएवढा खुंट. मित्रांनो, माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझं कूळ ऑस्ट्रेलियातल्या पावसाळी जंगलातलं. तिथले मूळचे लोक माझ्या जातीची पानं पिढ्यान्‌पिढ्या जेवणात आणि औषधात वापरत आले आहेत. मी मात्र वाढलो जपानमधल्या रोपवाटिकेत. तिथून टोकियोच्या एदोगावा भागातल्या एका दुकानात आलो. तिथे पुण्याहून आलेल्या मेधाबाईंनी माझं पान चुरगळून हुंगलं आणि त्या ओरडल्याच, "अय्या, हा तर आपला गवती चहा!" तिथेच माझं नशीब फुटलं.

कुंडीत एक प्लास्टिकची पट्टी खोचलेली होती. 'पानं थोडीच तोडा, थंडीत घरात ठेवा,' असं तिच्यावर जपानीत लिहिलं होतं. बाईंना जपानी वाचता येत नाही. त्यांच्या आठ वर्षांच्या लेकीला, नुपूरला, घडाघडा येतं. तिला विचारलं? छे! पट्टी स्वच्छ धुऊन प्लास्टिकच्या कचऱ्यात टाकली.

मग कात्री आली. गवती चहा बुडापासून कापला की पुन्हा जोमाने फुटतो, हे बाईंना पुण्यापासून पाठ. मलाही तसंच छाटलं आणि आलं घालून रटरट उकळलं. शेजारच्या अनघाताई म्हणाल्या, "काय वास आहे गं!" कौतुक चहाचं झालं, मेलो मी. अहो, मी झाड आहे! चार पानं फुटायला मला दोन महिने लागले, तर तीही गेली. थंडीभर मी बाल्कनीतच कुडकुडलो.

एप्रिलमध्ये उरल्यासुरल्या जिवाने मी दोन पानं काढली. नेमकी तेव्हाच नुपूर खोकू लागली आणि बाई पुन्हा माझ्या मुळावर उठल्या.

"आई, दामे! नको ना! ते मरेल."

"अगं, कापलं की फुटतं ते. तुला काढा नको का?"

कापलं. नुपूरने काढ्याला तोंड लावलं नाही. मी पुन्हा फुटलो नाही.

आज बाईंनी मला मुळासकट उपटलं. फ्रिजवरचा कचऱ्याच्या नियमांचा जपानी कागद काढून नुपूरपुढे धरला. "झाडं कशी टाकायची, नीट वाच गं. चुकलं तर कचरावाले स्टिकर लावून तिथेच ठेवून जातात." नुपूरने शब्दन्‌शब्द वाचला. बाईंनी माझी माती झटकली आणि मला अगदी नियमाप्रमाणे दोरीने बांधलं. उद्या सकाळी गाडी येईल.

मित्रांनो, झाडांची काळजी घ्या म्हणून मी तुमच्यापुढे हात जोडणार नाही. एवढंच विचारतो, ती पट्टी धुतली त्या दिवशी नुपूर घरातच होती ना?